‘सदर महिला दाखल नव्हती’: सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाचा हिशोब मागताना

माझ्या धाकट्या जावेला कळा सुरू होऊन आठ तास झाले होते. रात्री ११.३० वाजता ग्रामीण रुग्णालयातून सांगण्यात आलं, ‘भूल देणारे डॉक्टर नाहीत, इथे सिझर होणार नाही, पुढे न्या.’ चिठ्ठी दिली नाही, गाडी दिली नाही. गावातल्या जीपला २,२०० रुपये मोजून आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात पोहोचलो. बाळ-बाळंतीण दोघंही वाचली. महिनाभराने घरच्यांनी चार पानी तक्रार लिहिली. तिच्यात आमचा सगळा संताप उतरला होता. अडीच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं : ‘सदर महिला या रुग्णालयात दाखल नव्हती.’

आणि कागदावर ते खरंच होतं. आम्ही थेट प्रसूतिगृहाच्या दारात गेलो, सिस्टरांनी तपासलं, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि आम्ही निघालो. केसपेपर कोणी काढलाच नव्हता. ती तिथे दोन तास होती, पण सरकारच्या लेखी ती तिथे कधी आलीच नाही.

त्यानंतर आमच्या तालुक्यातल्या बायकांबरोबर अशी बरीच प्रकरणं हाताळली. काही तडीला गेली, काही नाही. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. घरात गरोदर बाई असलेल्यांसाठी, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या ताईंसाठी, बचत गटात बसून ‘दवाखान्यात काहीच मिळत नाही’ म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी.

पहिलं काम : दवाखाना कोणाचा, ते शोधा

निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात जातात आणि तिथेच वाळतात. ‘सरकारी दवाखाना’ हे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्याचे मालक वेगवेगळे आहेत.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. तिथला क्रम वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे आपण ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतो त्यांच्याकडे. त्यांच्या वर परिमंडळाचे आरोग्य उपसंचालक. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे अधिष्ठाता जबाबदार. महापालिकेचं प्रसूतिगृह महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे.

आमची ती चार पानी तक्रार ग्रामीण रुग्णालयाविरुद्ध होती आणि आम्ही ती दिली होती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. त्यांचा त्या रुग्णालयावर अधिकारच नव्हता. पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात महिना गेला. म्हणून आजच एका वहीच्या पानावर लिहून ठेवा : आपलं उपकेंद्र, आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, सिझर होऊ शकेल असं सगळ्यात जवळचं सरकारी रुग्णालय, आणि प्रत्येकासमोर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचं पद. नाव लिहू नका, बदल्या होतात. पद लिहा.

एक गोष्ट विसरू नका. पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी होतं. बाईची नोंदणी सासरच्या आशाताईकडे आणि बाळंतपण दुसऱ्याच जिल्ह्यात, असं हमखास घडतं. सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी निघताना माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर गेलंच पाहिजे, आणि माहेरच्या आशाताईला आल्या आल्या सांगितलं पाहिजे. पुढे पैसे अडकतात ते बहुतेक इथेच.

हक्काचं काय आहे

जून २०११ पासून देशभर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. सरकारी संस्थेत बाळंतपण, मग ते साधं असो वा सिझर, पूर्ण मोफत आहे. औषधं, हातमोज्यांपासून टाक्यांच्या दोऱ्यापर्यंतचं साहित्य, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी, लागलं तर रक्त, हे सगळं त्यात येतं. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझरनंतर ७ दिवसांपर्यंत जेवणही येतं. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि परत घरी, तिन्ही वेळची गाडी मोफत. आजारी नवजात बाळाला हाच हक्क आहे, आणि तो पुढे एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांनाही दिला गेला. ही सोय फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे, असं कोणी सांगितलं तर ते चुकीचं आहे. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईसाठी ती आहे.

शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळ्याच रुग्णांसाठी तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत.

आता रोख मदत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान दिसते, पण तिचा हिशोब कोणी विचारत नाही म्हणून तीही महिनोन्‌महिने राहून जाते. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. नवऱ्याच्या खात्यावर ही रक्कम येत नाही.

इथे मला एक गोष्ट मोकळेपणाने सांगायची आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मातृत्व लाभ, आणि गरोदरपणात व बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगणवाडीतून मोफत आहार, असं लिहिलेलं आहे. सरकारी आणि तत्सम नोकरीत असलेल्या, किंवा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. पहिलं बाळ, दुसरी मुलगी, अमुक गटातलं कुटुंब या अटी कायद्याच्या त्या कलमात नाहीत. त्या मातृवंदना योजनेत घातलेल्या आहेत. तिसऱ्यांदा गरोदर राहिलेली शेतमजूर बाई या पैशांपासून वंचित राहते, आणि अशक्तपणा सगळ्यात जास्त तिच्याच अंगात असतो. हे ग्रामसभेच्या ठरावातून आणि आमदार-खासदारांना लिहिलेल्या पत्रांतून वारंवार मांडायला हवं.

दवाखान्याच्या दारात : आधी नोंद

कळा देणाऱ्या बाईबरोबर असताना कोणाला कागद सुचणार? म्हणूनच हे काम कोणाचं, ते आधी ठरवा. बाईजवळ एक जण, कागदाला एक जण. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या ओळखीची एक स्त्री थांबू शकते, तशी केंद्र सरकारची २०१६ पासूनची सूचना आहे. ती आई असो, सासू असो, जाऊ असो. दुसऱ्याने बाहेर थांबून पुढची कामं करायची.

आल्या आल्या केसपेपर काढा. त्यावर तारीख तर असतेच, वेळही लिहून घ्या. ‘सिस्टर, वेळ तेवढी टाका’ असं साध्या शब्दांत सांगितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

१०८ किंवा १०२ ला फोन केला तर तो बाईच्या घरच्याच फोनवरून करा आणि कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट ठेवा. गाडी किती वाजता आली, तेही लिहा. आली नाही आणि खासगी गाडी केली, तर चालकाकडून साध्या कागदावर पावती घ्या : कुठून कुठे, किती वाजता, किती रुपये, गाडीचा क्रमांक, सही.

‘पुढे न्या’ म्हणाले की वाद घालण्यात वेळ घालवू नका. एकच मागणी करा : संदर्भ चिठ्ठी. तीत कारण, बाईची त्या वेळची अवस्था, दिलेली औषधं, कोणत्या रुग्णालयात पाठवलं ते आणि वेळ असते. पुढच्या डॉक्टरांना ती उपचारासाठी लागते, म्हणजे चिठ्ठी मागणं बाईच्या जिवासाठीच आहे. गाडी देणं हे पाठवणाऱ्या दवाखान्याचं काम आहे, तेही तिथेच सांगा. पुढे पोहोचल्यावर चिठ्ठी देण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढा.

औषध बाहेरून आणायला सांगितलं तर ते दवाखान्याच्या कागदावर लिहून घ्या आणि दुकानातून बाईच्या नावाचं पक्कं बिल घ्या. कोऱ्या चिटोऱ्यावर लिहून देतात, तेव्हा त्या चिटोऱ्याचाही फोटो ठेवा. आणि कोणी हातात पैसे मागितले (मुलगा झाला म्हणून, साफसफाईसाठी, चहापाण्यासाठी) तर रक्कम आणि वेळ त्याच रात्री लिहून ठेवा. चार महिन्यांनी आठवतं ते कोणी धरत नाही.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड घ्या. ते फाडून टाकू नका, पूर आला तरी सांभाळा.

कोणावर रागवायचं

हे मध्येच लिहिते आहे, कारण पुढच्या सगळ्या कामाची दिशा यावर ठरते.

रात्री दवाखान्यात आपल्याला भेटते ती एक सिस्टर. तीन वॉर्ड, दोन कळा देणाऱ्या बायका आणि एक साप चावलेला माणूस तिच्या एकटीच्या गळ्यात असतो. गावात आशाताई भेटते, तिला नोकरदारासारखा पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. आपला सगळा राग त्या दोघींवर निघतो, आणि ज्याने पद भरलं नाही, ज्याने निधी मार्चपर्यंत अडवला, तो माणूस आपल्याला कधी दिसतच नाही. माझ्या जावेच्या वेळी आम्ही त्या सिस्टरला नको ते बोललो. नंतर कळलं की भूलतज्ज्ञाची जागा तिथे कित्येक महिने रिकामी होती. त्या सिस्टरने आमच्यासाठी दोनदा डॉक्टरांना फोन केला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मारहाण केली, शिवीगाळ केली, पैसे घेतले, तर व्यक्तीवर तक्रार करायचीच. बाकी बहुतेक वेळा तक्रारीचा विषय ‘जागा रिकामी’, ‘औषध नाही’, ‘गाडी बंद’ हा असतो, आणि त्याचं उत्तर वर बसलेल्या अधिकाऱ्याने द्यायचं असतं.

तक्रारीचं पत्र : एक पान पुरे

आमचं पहिलं पत्र चार पानांचं होतं, म्हणून ते कोणी वाचलं नाही. पत्रात चारच गोष्टी हव्यात : काय झालं ते वेळेनुसार, कोणता हक्क मोडला, सोबत कोणते कागद जोडले आणि नेमकं काय हवं. नमुना असा :

‘प्रति, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, … विषय : प्रसूतीसाठी आलेल्या महिलेस संदर्भ चिठ्ठी व वाहन न दिल्याबाबत. महोदय, दि. … रोजी रात्री ९.४० वाजता माझी पत्नी प्रसूतीसाठी … येथे आली (केसपेपर क्र. …). रात्री ११.३० वाजता भूलतज्ज्ञ नसल्याचे सांगून जिल्हा रुग्णालयात जाण्यास सांगितले. वाहन दिले नाही. खासगी वाहनास रु. २,२०० दिले. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार ही सेवा मोफत आहे. मागणी : (१) वाहनखर्चाची भरपाई. (२) त्या रात्री रुग्णवाहिका कोठे होती याची लॉगबुकवरून चौकशी. (३) भूलतज्ज्ञ येईपर्यंत कोणती पर्यायी व्यवस्था केली आहे, याचे लेखी उत्तर. सोबत : केसपेपर, पावती, कॉलचा स्क्रीनशॉट.’

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. ‘साहेब आले की देतो’ म्हणाले तर स्पीड पोस्टाने पोच पावतीसह पाठवा. हेच पत्र ‘आपले सरकार’च्या तक्रार निवारण प्रणालीवरही टाकता येतं, तिथे टोकन क्रमांक मिळतो.

पुन्हा त्याच दवाखान्यात जायचं आहे, तिथे आपल्या माणसाला त्रास देतील, ही भीती खोटी नाही. मी कोणालाही ‘घाबरू नका’ एवढंच सांगून गप्प बसत नाही. बाई आणि बाळ घरी आल्यावर पत्र द्या. शक्य असेल तर ते महिला मंडळाच्या, बचत गटाच्या किंवा गावच्या आरोग्य समितीच्या नावाने द्या. पाच-सहा बायकांचे अनुभव एका पत्रात आले की एकीचं नाव पुढे राहत नाही आणि ‘अपवादात्मक घटना’ हे उत्तरही देता येत नाही.

माहिती अधिकार : ‘का’ विचारू नका

पत्राला उत्तर आलं नाही, किंवा ‘दाखल नव्हती’ छापाचं आलं, की माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरायचा. यात सगळ्यात जास्त चूक प्रश्न विचारण्यातच होते. ‘भूलतज्ज्ञ का नाही?’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं. कायदा नोंद देतो, खुलासा देत नाही. म्हणून नोंदीच मागायच्या.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात करतात. २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना पुराव्यासह फी माफ. प्रश्न असे लिहा :

दि. … ते दि. … या काळातील, १. महिनावार प्रसूती : साध्या व सिझेरियन. २. प्रसूतीसाठी अन्यत्र पाठवलेल्या महिलांची महिनावार संख्या व नोंदवहीतील कारणे, नावे वगळून. ३. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांची मंजूर, भरलेली, रिक्त पदे आणि प्रत्येक पद रिक्त झाल्याचा दिनांक. ४. खासगी भूलतज्ज्ञ ऑन-कॉल बोलावण्यासाठी मिळालेला निधी, झालेला खर्च व बोलावल्याचे दिनांक. ५. रुग्णवाहिकेच्या लॉगबुकची प्रत.

चौथा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ‘पद रिक्त आहे’ म्हटलं की आपण गप्प होतो. पण तज्ज्ञ नसेल तिथे बाहेरचा तज्ज्ञ मानधन देऊन बोलावण्याची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. रिकाम्या पदामुळे सिझर अडलं, की बोलावण्याची सोय असून कोणी बोलावलं नाही म्हणून अडलं, या दोन गोष्टींत फार फरक आहे, आणि तो या एका ओळीने बाहेर येतो. आमच्याकडे उत्तर आलं तेव्हा त्या रकान्यात आडवी रेघ होती. त्या रेघेची प्रत घेऊन आम्ही पुढच्या प्रत्येक बैठकीला गेलो.

उत्तराची मुदत ३० दिवस. कोणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण ही तरतूद खरोखर तशी वेळ असेल तेव्हाच वापरा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर नाही किंवा अपुरं आहे, तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. तिथेही नाही मिळालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे वेळ लागतो, हे मनात धरूनच जा. पण बऱ्याचदा पहिल्या अपिलाची तारीख लागली की माहिती हातात पडते. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढी कागदपत्रं मागवण्याआधी एक सोपा रस्ता आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. दोघी-तिघींनी वही घेऊन जावं, नोंदवही डोळ्यांनी पाहावी आणि मग नेमक्या पानाची प्रत मागावी. घरच्या बाईचे वैद्यकीय कागद मात्र माहिती अधिकाराशिवायही मिळायला हवेत. रुग्णाने किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावेत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे.

पैसा कुठून येतो, कुठे थांबतो

‘निधी नाही’ हे उत्तर ऐकलं की लगेच विचारायचं : कोणता निधी? कारण एकाच दवाखान्यात तीन-चार ओढ्यांचं पाणी येतं. पगार आणि बरीचशी औषधं राज्याच्या अर्थसंकल्पातून. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के या वाट्याने. काही जिल्हा नियोजन समितीकडून, काही जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून. पंधराव्या वित्त आयोगाने तर २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती.

गावाला हाताळता येईल असा पैसा दोन ठिकाणी असतो. एक, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला निधी. दुसरा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे येणारा निधी, ज्याचं राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं प्रमाण एका आरोग्य केंद्रामागे वर्षाला १,७५,००० रुपये राहिलं आहे. प्रत्यक्षात किती आला, ते दरवर्षी वेगळं असतं, म्हणून विचारावं लागतं. प्रसूतिगृहात गरम पाणी नाही, पडदा नाही, इन्व्हर्टर बिघडला, तातडीचं औषध संपलं, अशा कामांसाठीच हा पैसा आहे.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मागवा. बैठक किती वेळा झाली, कोण हजर होतं, ठराव काय झाले. मग पासबुकाची किंवा रोकडवहीची प्रत. त्यात चार आकडे शोधा : किती मंजूर, किती आला, कोणत्या तारखेला आला, किती उरला. तारीख सगळ्यात बोलकी असते. फेब्रुवारीच्या शेवटी जमा झालेला पैसा ३१ मार्चच्या आत खर्च करायचा, म्हणजे एक तर नको ते फर्निचर येतं नाहीतर पैसा परत जातो, आणि पुढच्या वर्षी ‘मागच्या वर्षीच खर्च झाला नाही’ म्हणून कमी मिळतो. यात वैद्यकीय अधिकाऱ्याचा दोष नसेल, वरून उशिरा सोडणाऱ्याचा असेल. आकडा हातात असल्याशिवाय हे सांगता येत नाही.

वरच्या पातळीवर पाहायचं असेल तर राज्याच्या अर्थसंकल्पातली तरतूद, वाटप आणि खर्च ‘बीम्स’ या सरकारी संकेतस्थळावर विभागवार दिसतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. आमदार गावात आले की त्यांना विचारायला हे दोन आकडे पुरतात.

चारचौघांत विचारा

ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि त्यांच्या आधी महिलांची सभा. महिलांच्या सभेतच प्रसूती सेवेवरचा ठराव घ्या. ठरावात तारीख, आकडे आणि मागणी असू द्या, आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना ग्रामपंचायतीमार्फत गेली का, ते पंधरा दिवसांनी बघा.

महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं काम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झालं होतं. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असे रंग देत प्रगतिपत्रक भरायचं, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचं. मला ती पद्धत फार आवडते, कारण वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल रंग कळतो. आपल्या भागात असा कार्यक्रम नसला तरी एका कार्डशीटवर ते करता येतं. मागच्या तीन महिन्यांत बाळंत झालेल्या दहा बायकांना विचारा : गाडी मिळाली का, औषध बाहेरून आणलं का, जेवण मिळालं का, बाळंतपणानंतर ४८ तास ठेवलं का, पैसे मागितले का, कोणी अपमान केला का. तो कागद आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ठेवा. जिथे हिरवं आहे तिथे तेही सांगा. चांगलं काम करणाऱ्या सिस्टरचं नाव घेऊन कौतुक झालं की पुढचं बोलणं ऐकलं जातं.

तिथे हललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस : तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

न्यायालय आणि आयोग

राज्य मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, घटनेपासून एक वर्षाच्या आत. डॉक्टरच्या वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे. ग्राहक आयोगाचा रस्ता इथे बहुधा बंद असतो, कारण जिथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते ती रुग्णालयं ग्राहक कायद्याच्या बाहेर आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं आहे. तिथे वर्ष घालवू नका.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं.

दोन निकाल माहीत असू द्या. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका गरीब बाईचा बाळंतपणात झालेला मृत्यू आणि दुसरीवर झाडाखाली बाळंत होण्याची आलेली पाळी यांबद्दल भरपाई देताना सुरक्षित मातृत्व हा हक्कच असल्याचं मानलं. तक्रारीच्या पत्रात पहिल्या निकालाची एक ओळ टाकली की पत्राचं वजन बदलतं.

आणि बाई दगावली तर

महाराष्ट्रात मातामृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं आहे. २०१४-१६ मध्ये ते एक लाख जिवंत जन्मांमागे ६१ होतं, २०१८-२० मध्ये ३३. देशाचं तेव्हा ९७ होतं. हे सरकारी दवाखान्यांतल्याच माणसांच्या कामाने झालं आहे. पण राज्याच्या एका सरासरीत धडगाव, मेळघाट, एटापल्लीसारखे दुर्गम भाग दिसत नाहीत.

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी वा त्यातल्या उपचारांशी संबंधित कारणाने बाई गेली, तर तो मातामृत्यू. ती घरी गेली, रस्त्यात गेली की दवाखान्यात, याने फरक पडत नाही. अशा प्रत्येक मृत्यूचं अन्वेषण व्हावं लागतं. आधी पाहायचं की नोंद ‘मातामृत्यू’ म्हणून झाली का. ‘कावीळ’, ‘हृदय बंद पडणे’ असं लिहून विषय बंद झालेला मी पाहिला आहे. आशाताईला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

दुःखात असलेल्या घरी चौकशीसाठी लोक येतात, तेव्हा घरचे ‘आता काय उपयोग’ म्हणून दोन शब्दांत मिटवतात. त्यांच्याजवळ बसा. हे अन्वेषण कोणाला शिक्षा करण्यासाठी नसतं, उशीर कुठे झाला ते शोधण्यासाठी असतं : घरी निर्णय घ्यायला, दवाखान्यात पोहोचायला, की पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला. शिक्षेची किंवा भरपाईची तक्रार वेगळी करायची, वर सांगितलेल्या रस्त्याने.

जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरही या मृत्यूंचा आढावा होतो, आणि मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काही मृत्यूंच्या बाबतीत नातेवाइकांना तिथे बोलावून ऐकून घ्यायचं असतं. कुटुंबाला ते माहीत नसतं. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या, की आमच्या घरच्यांना त्या बैठकीत बोलायचं आहे. बोलावणं आलं तर बरोबर एक जण जा. लांबलचक भाषण नको. एका कागदावर वेळा लिहून न्या : कळा कधी सुरू झाल्या, फोन कधी केला, गाडी कधी आली, पहिल्या दवाखान्यात किती वाजता पोहोचली, डॉक्टरांनी कधी पाहिलं, कधी हलवलं, रक्त कधी मागितलं, कधी मिळालं, कधी गेली. त्याच्या दोन प्रती काढा, एक बैठकीत द्या आणि दुसरीवर पोच घ्या.